थेंबाथेंबाने उतरणारी कॉफी

हनोईच्या जुन्या पेठेत, एका अरुंद रस्त्याच्या फुटपाथवर, वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर मी बसलो होतो. गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकलेले. समोर तेवढेच ठेंगणे टेबल. त्यावर काचेचा पेला आणि पेल्याच्या डोक्यावर झाकण घातलेले ॲल्युमिनियमचे एक चिमुकले भांडे. कॉफी मागवून तीन मिनिटे झाली होती आणि पेल्यात उतरले होते ते जेमतेम दोन चमचे काळे पाणी. मी घड्याळाकडे पाहिले.

"कुठे जायचंय आपल्याला?" सौ.ने विचारले.

कुठेच जायचे नव्हते. सदतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली बरीचशी यवतमाळ जिल्ह्यात. निवृत्त होऊनही आता काही वर्षे लोटली. पण समोर काही घडत नसेल तर मनगटाकडे पाहण्याची खोड काही सुटत नाही. शेजारच्या स्टुलांवर दोन म्हातारे सोंगट्यांचा डाव मांडून बसले होते. त्यांच्या पेल्यांतही थेंब पडत होते. त्यांचे तिकडे लक्षही नव्हते.

2025 च्या फेब्रुवारीत आम्ही व्हिएतनामला गेलो. मुलाने तिकिटे काढून दिली होती. आमच्या पिढीला व्हिएतनाम म्हटले की अमेरिकेचे बॉम्ब आणि हो ची मिन्ह आठवणार. तिथे जाऊन मी कॉफीच्या नादी लागेन, असे कोणी सांगितले असते तर मला खरे वाटले नसते.

कारण आम्ही यवतमाळकर चहाचे. दत्त चौकातला कट चहा, एस.टी.च्या थांब्यावरचा उकळून उकळून काळपटलेला चहा, आणि खेड्यात गाय आटलेली असली की कोरा चहा. कॉफी घरात यायची ती प्रसंगाने. आमच्या लहानपणी ती पाहुण्याची, आजाऱ्याची नि परीक्षेच्या रात्रीची. दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेले. चवीला कॉफी कमी, खीर जास्त. तशी कॉफी आपल्याला अगदीच परकी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला कॉफीच्या बागा आहेत. महाराष्ट्रात कॉफीचे पीक म्हटले की तेच नाव निघते. पण चिखलदऱ्याला सहलीला जाणारा माणूससुद्धा भीमकुंड पाहून येतो आणि टपरीवर चहाच पितो.

आता त्या भांड्याविषयी. त्याला तिकडे 'फिन' म्हणतात. तळाला बारीक भोके असलेली वाटी, आत कॉफीची पूड दाबून धरणारी सच्छिद्र चकती, वर झाकण. आधी चमचाभर गरम पाणी घालून पूड भिजू द्यायची, ती फुगली की मग उरलेले पाणी. कागद नाही, यंत्र नाही, वीज नाही. पेल्याच्या तळाला दोन-तीन चमचे घट्ट गोड डब्याचे दूध आधीच घातलेले असते. त्यावर थेंब थेंब कॉफी उतरते. खाली पांढरा थर, वर काळा. चार-पाच मिनिटांनी भांडे उतरवायचे, ढवळायचे, हवा तर बर्फ घालायचा. 'का फे सुआ दा' म्हणजे कॉफी, दूध, बर्फ. 'का फे' हा शब्द फ्रेंचांचा, बाकीचे सगळे त्यांचे.

पहिल्या घोटाला मी दचकलो. इतकी कडू आणि इतकी गोड एकाच वेळी! ही रोबस्टा जातीची कॉफी. आपल्याकडे नाव मोठे अरेबिकाचे. रोबस्टा म्हणजे दुय्यम, इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यांत जाणारी. व्हिएतनाममधले नव्वद टक्क्यांहून अधिक पीक या दुय्यम जातीचे. तिच्यात उत्तेजक द्रव्य अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. ती करपेल इतकी गडद भाजतात, भाजताना कधी लोणीही घालतात. ज्या मालाला जगाने दुसरा नंबर दिला, त्यालाच साजेशी भाजणी, साजेसे भांडे नि साजेसे दूध या लोकांनी शोधले. पैसे देताना पुन्हा एकदा दचकलो. पंचवीस हजार! आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसालाही पेलाभर कॉफीचे पंचवीस हजार देताना हात अडखळतो. आपल्या हिशेबात ते ऐंशी-पंच्याऐंशी रुपये झाले.

व्हिएतनाममध्ये कॉफीचे रोप आणले ते फ्रेंच मिशनऱ्यांनी, 1857 साली. आपल्याला ते साल वेगळ्या कारणासाठी पाठ आहे. पुढे फ्रेंचांचे राज्य आले आणि मळे वाढले. साहेबाला कॉफीत दूध हवे, पण त्या उष्ण मुलुखात ताज्या दुधाची वानवा. म्हणून डब्यातले आटवलेले दूध आले. साहेब गेला, डबा राहिला. आपल्या कोऱ्या चहासारखीच ही अडचणीची सोय. त्यांनी तिची चव करून टाकली.

याहून गमतीची गोष्ट अंड्याच्या कॉफीची. 1946 च्या सुमारास हनोईत दूध मिळेनासे झाले. मेट्रोपोल या बड्या हॉटेलात काम करणाऱ्या न्गुएन व्हान जियांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा पिवळा बलक साखर घालून फेसला आणि कॉफीवर ओतला. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले. ते आजही त्यांच्या घरचेच लोक चालवतात. एका चिंचोळ्या बोळातून आत जावे लागते. पेला गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून आणतात. सौ.ची त्या दिवशी चतुर्थी होती. "कॉफीत अंडं? तुम्हीच प्या," म्हणून ती तोंड फिरवून बसली. मी चमच्याने खाल्ली, कारण ती प्यायची की खायची हे शेवटपर्यंत ठरेना. श्रीखंडाखाली कडू काढा ठेवावा, तशी काहीशी.

हनोईत पर्यटक हमखास जातात ती आणखी एक जागा म्हणजे रेल्वेची गल्ली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचांनी घातलेले लोहमार्ग घरांच्या उंबऱ्यांना खेटून जातात, आणि त्या घरांनी रुळांच्या कडेला कॉफीची टेबले मांडली आहेत. सरकार मधून मधून बंदी घालते, दुकाने मधून मधून उघडतात. गाडी यायच्या वेळी एक बाई ओरडत येते, सगळे पेले उचलून भिंतीला चिकटतात, गाडी धडधडत निघून जाते आणि टेबले परत जागेवर येतात.

तिथे बसून मला आमची शकुंतला आठवली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी त्याच सुमाराची. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ती घातली ती आमच्या सोयीसाठी नव्हे, वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला नेण्यासाठी. 1994 पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता गाडी बंद आहे, रुळांवर गवत आहे. दोन्हीकडे गोऱ्यांनी रूळ टाकले, दोन्हीकडे शेतातले पीक बंदरावर नेले. मग त्यांच्या रुळाकाठी लोक आपल्याच देशातली कॉफी पीत बसले आहेत, आणि आम्ही मात्र रेच्यात रुई वेगळी करतो, गाठी बांधतो, पाठवून देतो आणि दुकानात जाऊन दुसरीकडून आलेले कापड विकत घेतो. असे मी सौ.ला मोठ्या तावातावाने सांगितले. ती म्हणाली, "आधी ती कॉफी उगवणाऱ्या माणसाला तर भेटा." बोलणे बरोबर होते. म्हणून आम्ही बुओन मा थुओटला गेलो.

हे गाव मध्य व्हिएतनामच्या पठारावर, दाक लाक प्रांतात. तांबड्या मातीचा मुलूख. व्हिएतनामच्या कॉफीची राजधानी हेच. फेब्रुवारीत आमच्याकडे पऱ्हाट्या उपटून वावरे उघडी पडलेली असतात. तिथे उन्हाळी पाण्याची पाळी चालू होती. प्रत्येक झाडाभोवती मातीचे आळे, पंपाची नळी या आळ्यातून त्या आळ्यात. कोरड्या दिवसांत ताण दिलेल्या झाडाला पाणी मिळाले की काही दिवसांत ते फुलते. फांदीवर फुलांचे पांढरे गेंद, आणि वास थेट जाईचा. पांढऱ्याशुभ्र शेताची मला सवय आहे, पण सुगंधी पांढरे शेत मी पहिल्यांदाच पाहिले.

ज्यांच्या बागेत गेलो ते गृहस्थ माझ्याच वयाचे. बाग साडेतीन-चार एकर. सोबत आलेली वाटाड्या मुलगी दुभाषी. ओसरीवर बसलो आणि माझ्यातला अधिकारी जागा झाला. एकरी उत्पन्न किती? खताचा खर्च किती? कर्ज किती, व्याज किती? मुलीने भाषांतर केले. ते हसले, आत जाऊन तीन फिन घेऊन आले, पूड घातली, पाणी ओतले आणि काहीतरी बोलले. मुलगी म्हणाली, "ते म्हणतात, आधी कॉफी उतरू द्या. मग सांगतो."

झाले. आता काही करता येण्यासारखे नव्हते. पाणी ओतल्यावर त्या भांड्याला घाई करता येत नाही. फिन ठोकला तर पूड खाली येते आणि कॉफी गढूळ होते. आम्ही बसलो. त्यांनी माझ्या गावाचे विचारले. मी म्हटले, कापूस. त्यांनी बोटांनी बोंड वेचल्याची खूण करून दाखवली. पाऊस कधी येतो, विहीर किती खोल, मुले शेती करतात का, असे सगळे निघाले. पहिला पेला उतरेपर्यंत मला त्यांच्याविषयी जे कळले, ते माझ्या अर्जाच्या छापील नमुन्यात कुठेच बसले नसते.

ते मूळचे उत्तरेचे. 1980 नंतरच्या दशकात सरकारने पठारावर माणसे आणून वसवली, त्यांतले एक. जंगल तोडून बाग केली. ते जंगल ज्यांचे होते त्या एडे आणि इतर आदिवासींविषयी ते फारसे बोलले नाहीत, मीही टोकले नाही. 1986 साली देशाने 'दोई मोई' म्हणजे नूतनीकरणाचे धोरण घेतले. सामूहिक शेती मागे पडली, जमीन कसणाऱ्याच्या हाती आली आणि जो तो कॉफी लावू लागला. 1989 मध्ये जागतिक कॉफी करारातली निर्यातीच्या कोट्याची पद्धत मोडली, बाजार मोकळा झाला. दहा-बारा वर्षांत व्हिएतनाम ब्राझीलच्या खालोखाल जगात दुसरा झाला. आणि नेमके तेव्हाच, 2001-02 च्या सुमाराला, भाव कित्येक दशकांच्या तळाला गेला. सगळ्यांनीच लावली होती ना! पुष्कळांनी झाडे तोडली. यांनी निम्मी बाग तोडली. "कुऱ्हाड मी चालवली नाही," ते म्हणाले. "भावाला सांगितले. मी घरात बसलो."

2024 मध्ये उलटे झाले. दुष्काळ पडला, कित्येकांनी कॉफी काढून डुरियन लावले होते. हे फणसासारखे काटेरी फळ चीनमध्ये चढ्या भावाने खपते. माल कमी पडला आणि कॉफीचा भाव किलोला लाख डोंगांच्या पार गेला. त्यांना पैसे मिळाले? मिळाले, पण सगळ्या मालाचे नाही. चढायच्या आधीच बराच विकला होता. हे ऐकून मला हसू आले आणि त्यांना त्याचे कारण सांगावे लागले. 2022 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, तेव्हा बहुतेकांच्या घरात बोंडभरही उरला नव्हता. पुढच्या वर्षी शहाणपण शिकून लोकांनी कापूस घरात साठवला. माणसे अंगाला खाज सुटेपर्यंत त्या ढिगाशेजारी झोपली, आणि भाव पडतच गेला. मुलीने भाषांतर केले. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या पेल्यात बर्फ घातला.

म्हणजे मी रेल्वेच्या गल्लीत केलेले भाषण अर्धेच खरे होते. व्हिएतनामचीही बहुतेक कॉफी पोत्यांतून बाहेरच जाते, तिचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो आणि पठारावरच्या विहिरी दर वर्षी खोल जातात. फरक आहे तो एवढाच की पिकवणारा आपले पीक स्वतः भाजतो, स्वतः पितो, आलेल्याला पाजतो आणि तेवढा वेळ त्याच्यासमोर बसतो.

तिथे ओसरीवर मला एक चहा आठवला. न घेतलेला.

1986 हे आमच्याही जिल्ह्याचे साल आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने त्या वर्षी 19 मार्चला आपली जीवनयात्रा संपवली. त्या दिवशी आता दर वर्षी पुष्कळ लोक अन्नत्याग करतात. त्यानंतर आमच्या जिल्ह्याचे नाव ज्या कारणाने देशभर झाले ते सांगायला नको. 2006 मध्ये पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज आले. 2008 मध्ये कर्जमाफी आली. पाच एकरांच्या आतल्याला पूर्ण माफी. आमच्या कोरडवाहू भागात सात-आठ एकरांचा धनीही फाटकाच, पण तो पाच एकरांच्या वर म्हणून पूर्ण माफीच्या बाहेर. या सगळ्यांच्या याद्या मी केल्या आहेत. याद्या बिनचूक होत्या.

पण मी म्हणतो ती गोष्ट 2004 च्या खरिपातली. घाटंजी तालुक्यातल्या एका गावचे शेतकरी विहिरीच्या कर्जाचा हप्ता वर्षभर पुढे ढकलून मागत होते. पिकाची पाहणी करायला मी गेलो. त्या दिवशी पंधरा शेते पाहायची होती, जीप भाड्याची होती. रस्त्याकाठचे वावर पाहिले, कपाशी गुडघाभर, हिरवी. "साहेब, चहा मांडला हाय," ते म्हणाले. आत चुलीवर आधण ठेवलेले दिसत होते. मी घड्याळ पाहिले. कर्जदाराकडे काही घ्यायचे नाही, हा माझा नियमही होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. "पुढच्या खेपेला," म्हणालो आणि निघालो. अहवालात लिहिले: पीकस्थिती समाधानकारक. मुदत मिळाली नाही.

परत आल्यावर त्यांचा पत्ता काढला. ते आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. बाजाराच्या कामाने यवतमाळला आले की या, असा निरोप धाडला. एका सोमवारी आले. ओळखले. मी तिकडून आणलेला फिन मांडला, डब्याचे दूध घातले, पाणी ओतले. ते पाहत राहिले.

"हे गळते तं नाई?"

"नाही भाऊ, हे असंच असतं."

"बाप्पा! येवढ्या येळात तं म्या वावरात एक चक्कर मारून येतो."

"बसा," मी म्हटले. "तेवढाच वेळ तुमच्यासाठी काढलाय. 2004 साली काढायला हवा होता."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग बोलू लागले. त्या वर्षी मृगात पाऊस आला, पेरणी झाली आणि मग तीन आठवडे थेंब नाही. रस्त्याकाठचे वावर खोलगट, तिथे ओल टिकली. टेकडाकडच्या पाच एकरांत दुबार पेरणी केली, तीही अर्धी करपली. ते वावर घराच्या मागे होते. चहा घेऊन झाल्यावर मला तिकडे न्यायचे, असे त्यांनी ठरवले होते. "उभ्या उभ्या कसं सांगाव? माणूस बसला म्हंजे बोलता येते." हप्त्यासाठी त्यांनी बैलजोडी विकली. पुढच्या वर्षी भाड्याच्या बैलांनी पेरले.

यात त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

कॉफी उतरली. त्यांनी ती बशीत ओतली, फुंकून प्यायले, तोंड वाकडे केले आणि दुसरा घोट घेतला. "कडू हाय. पण खाली गोड हाय." निघताना चपला घालता घालता थांबले.

"साहेब, त्या दिवशीचा चहा वाया नाई गेला बरं. तुमच्या वाटचा आमच्या पोट्टीनं पेला. लय खूश झाली होती. दुधाचा होता न."